खणाच्या खिशातलं पिस्तूल

नॉटिंगहॅमला आमच्या मंडळाचा गणपती एका चर्चच्या हॉलमध्ये बसायचा. त्या हॉलच्या खिडक्या कधीकाळी कुणीतरी रंगवताना चौकटीला चिकटवून टाकल्या होत्या, त्या उघडायच्या नाहीत. आत कापूर, मसालेभात आणि सगळ्या ईस्ट मिडलंड्समधून आलेली मराठी माणसं. आरतीपर्यंत एवढं उकडायचं की बड्या कन्सल्टंट डॉक्टर मंडळींचे टाय सुटायचे आणि बायका पदराने वारा घ्यायच्या. त्या गर्दीत, मागच्या रांगेत, एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ जाड ट्वीडचा कोट घालून, सगळी बटणं लावून उभे असायचे. घामाने कॉलर भिजलेली असे, पण कोट काढायचे नाहीत. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "राहू दे. मला थंडी बाधते."

इथेच जन्मलेल्या एका चिमुरडीने एकदा त्यांना सरळ विचारलं होतं, "काका, तू कोट का नाही काढत? तुझा शर्ट फाटली आहे का?" काका तिच्या उंचीला वाकले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हो ग. कुणाला सांगू नकोस." तिने अर्थातच घरी सांगितलं, आणि त्या दिवाळीला तिच्या आईने संकोचत संकोचत त्यांना एक नवा शर्ट दिला. काकांनी तो आनंदाने घेतला आणि झिजेपर्यंत वापरला.

शर्ट धडधाकट होता. कोटाच्या आत, डाव्या बाजूला, पिस्तूल होतं.

ते रीतसर होतं. काका जनावरांचे डॉक्टर, इथल्या भाषेत व्हेट. मांजरं-कुत्री त्यांचे दवाखान्यातले भागीदार बघायचे, काकांकडे मोठी जनावरं, त्यातही घोडे. ट्रेंट नदीच्या दोन्ही अंगांच्या खेड्यांतून, पार कॉव्हेंट्रीच्या बाजूपर्यंत त्यांची फिरती. पाय मोडलेला घोडा किंवा आतड्याला पीळ पडलेलं गाढव, जे कशानेच वाचणार नाही, त्याला एका क्षणात सोडवायचं तर त्या काळी घोड्यांचे बरेच डॉक्टर पिस्तूल बाळगत. त्याला पोलिसांचं सर्टिफिकेट लागे आणि सर्टिफिकेटबरोबर अटी येत. पिस्तूल कुणाच्या नजरेला पडायचं नाही, आणि उभ्या गाडीत टाकून कुठे जायचं नाही. ऑन-कॉल असले की काका कुठल्यातरी तबेल्यातून थेट आरतीला यायचे. म्हणजे पिस्तूल अंगावर, आणि म्हणून कोटही अंगावर.

मला हे ठाऊक होतं, कारण मी त्यांच्या घरात भाड्याने राहत होते. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात भूलशास्त्र शिकत होते आणि हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधल्या टोस्टला विटून खोली शोधत होते. काकू कौन्सिलच्या लायब्ररीत कामाला होत्या, तिथे ओळख झाली. खोली दाखवायला नेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हा जिना. जिन्याखाली देवघर. देवघराशेजारी ह्यांचं लोखंडी कपाट, त्याला हात लावायचा नाही." मला वाटलं, दागिने असतील. संध्याकाळी काका आले, कोट उतरवला, आतून ती वस्तू काढली आणि एखाद्याने चष्मा ठेवावा तशी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू भूल देतेस ना? मीही देतो. माझी उतरत नाही, एवढाच फरक."

हे वाक्य ऐकून मी दुसरी खोली बघायच्या विचारात होते. पण त्यांनी लगेच विचारलं की मला पोळी कशाशी आवडते, आणि मी राहिले.

पिस्तूल तसं दिसायला अगदीच किरकोळ. आखूड नळीचं, जुनं, एका वेळी एकच गोळी घेणारं. सुरुवातीला त्यासाठी चामड्याचं पाकीट होतं, पण त्याचा फुगवटा कोटाबाहेर दिसायचा. काकूंनी आपल्या एका जुन्या खणाच्या चोळीचं कापड काढून कोटाच्या अस्तरात खिसा शिवून दिला. आत जांभळा, काठाला लाल. इंग्लंडातल्या कुठल्याही शस्त्राला एवढं सुंदर घर मिळालं नसेल. काकूंना ते पिस्तूल मुळीच आवडत नसे. शिवताना त्यांनी सुई दोनदा बोटात टोचून घेतली आणि दोन्ही वेळा दोष त्यालाच दिला.

काका इतर सगळं विसरत. गाडीच्या किल्ल्या, छत्र्या, जेवणाचा डबा, स्वतःचा वाढदिवस. एकदा मोटरवेवरच्या पेट्रोलपंपावर ते काकूंना विसरून निघाले आणि पुढच्या जंक्शनला गाडीत एवढी शांतता का आहे याचा विचार करताना त्यांच्या लक्षात आलं. परत येईपर्यंत काकूंनी दोन कप कॉफी पिऊन एक अख्खं मासिक वाचून काढलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मलाही त्या खिशात शिवून घ्यायला हवं होतं. ते नाही कधी विसरलात."

सर्टिफिकेटचं नूतनीकरण असलं की पोलीस स्टेशनातून एक अधिकारी घरी यायचे. कपाट भिंतीला नीट बोल्ट केलेलं आहे ना, किल्ली कुणाकडे असते, घरात कुणी नवीन राहायला आलंय का, असं सगळं बघायचे. ते पहिल्यांदा आले तेव्हा कपाट आणि देवघर यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा आहे हे बघून घुटमळले, आणि काही न बोलता बाहेर जाऊन आपले जाडजूड बूट काढून आले. काकूंनी त्याच क्षणी त्यांना घरचं मानलं. त्यानंतर दर तपासणीला शिरा व्हायचा. मी तिथे असताना एकदा त्यांनी माझीही चौकशी केली. काय काम करता, स्वभाव कसा आहे, वगैरे. काकूंनी परस्पर उत्तर दिलं, की मुलगी गुणी आहे, फक्त भांडी घासताना नळ सोडून ठेवते. त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, माहीत नाही. शिरा खाऊन निघताना ते काकांना म्हणाले, "सगळं ठीक आहे, मी डक." नॉटिंगहॅमकडची माणसं कुणालाही प्रेमाने 'मी डक', म्हणजे 'माझ्या बदका', म्हणतात. काकांना याची फार गंमत वाटायची. जनावरांच्या डॉक्टरला बदक म्हणणारा हा एकच मुलूख, असं ते सगळ्यांना सांगायचे.

आमच्या मंडळात डॉक्टरांची कमतरता नव्हती, पण बाकी सगळे माणसांचे. त्यामुळे काकांना थोडं चिडवलं जायचं. एक ज्येष्ठ सर्जन होते, ते काका आले की "आले आमचे गुरांचे सिव्हिल सर्जन" असं म्हणायचेच. काका रागवत नसत. म्हणायचे, "माझे पेशंट इंटरनेटवर वाचून येत नाहीत", नाही, ते फार नंतर म्हणायला लागले. तेव्हा म्हणायचे, "माझ्या पेशंटचे नातेवाईक वॉर्डात येऊन सल्ले देत नाहीत."

याच सर्जनसाहेबांना एका गणपतीत जेवणानंतर बडीशेप हवी होती. काकांच्या कोटात नेहमी घशाच्या गोळ्यांच्या दोन रिकाम्या डब्या असायच्या. एकीत बडीशेप, दुसरीत काडतुसं. अटीप्रमाणे काडतुसं पिस्तुलापासून वेगळी ठेवायची असत, आणि काकांनी ती वेगळी ठेवली होती, फक्त बडीशेपेपासून पुरेशी वेगळी ठेवली नव्हती. बोलता बोलता त्यांनी डबी उघडून सर्जनसाहेबांच्या तळहातावर उलटी केली. साहेब तोंडात टाकायच्या बेतात होते. हात वाटेतच थांबला. तळहातावर पितळेचं एक चकचकीत काडतूस. काकांनी ते शांतपणे उचललं, डबीत ठेवलं आणि म्हणाले, "ही नको. ही पचायला जड आहे."

सर्जनसाहेब पुढे कधी 'गुरांचे' म्हणाले नाहीत. काकूंनी दुसऱ्या दिवशी एका डबीला लाल दोरा गुंडाळला.

बेसिंगस्टोकचा प्रवास मला अजून आठवतो. तिथल्या एका हॉस्पिटलात माझा इंटरव्ह्यू होता, आणि त्याच दिवशी त्या बाजूला घोड्यांच्या शर्यतींचा काही कार्यक्रम होता, तिथे काकांना ड्यूटी व्हेट म्हणून बोलावलं होतं. त्यांची गाडी दुरुस्तीला. म्हणून दोघं ट्रेनने निघालो. त्या काळात लंडनमध्ये बॉम्बच्या धमक्या यायच्या, स्टेशनांवरचे कचऱ्याचे डबे काढून टाकलेले, बेवारस पिशवी दिसली की फलाट रिकामा व्हायचा. अशा दिवसांत एक सावळा, मिशीवाला माणूस खिशात पिस्तूल घेऊन लंडनकडे निघालेला. कागदपत्रं सगळी होती, तरी मला रात्री झोप लागली नव्हती. काकांना लागली होती.

नेमकं आमच्या डब्यातलं हीटिंग बिघडलेलं. बंदच होईना. लेस्टर येईपर्यंत डबा भट्टी झाला. सगळ्यांनी कोट काढले. समोर एक म्हाताऱ्या इंग्लिश बाई विणकाम करत होत्या. त्यांनी काकांना आधी सुचवलं, मग आग्रह केला, की कोट काढा. काकांनी त्यांनाही थंडी बाधत असल्याचं सांगितलं. एव्हाना त्यांच्या कपाळावरून धारा लागलेल्या. बाई घाबरल्या. हा माणूस तापाने फणफणलाय किंवा ह्याला हार्ट अटॅक येतोय असं त्यांनी ठरवलं आणि डब्यात कुणी डॉक्टर आहे का, असं मोठ्याने विचारलं. सगळ्यांच्या माना वळल्या. मला हात वर करावा लागला. आता डॉक्टर म्हणून मी पहिली गोष्ट काय करायला हवी, तर पेशंटचा कोट सैल करायला हवा, आणि नेमकं तेच मी करत नव्हते. बाई माझ्याकडे अविश्वासाने बघू लागल्या.

तेवढ्यात गार्ड आला. काका उठले, त्याला दाराजवळ घेऊन गेले आणि कानात काहीतरी सांगून सर्टिफिकेट दाखवलं. मला वाटलं, आता चेन ओढली जाणार, पुढच्या स्टेशनला पोलीस, माझा इंटरव्ह्यू गेला. गार्डने कागद दोन्ही बाजूंनी वाचला, काकांकडे बघितलं, आणि आमच्या सीटपाशी येऊन म्हणाला, "फर्स्ट क्लासमध्ये जागा आहे. तिथलं हीटिंग चालत नाही."

आम्ही लंडनपर्यंत फर्स्ट क्लासमधून गेलो, गारठत. गार्ड मधूनमधून येत होता, पण पिस्तुलासाठी नाही. त्याच्या ग्रेहाउंड कुत्र्याचा मागचा पाय दुखत होता. काकांनी त्याला डब्याच्या मधल्या वाटेतून कुत्र्यासारखं लंगडत चालून दाखवायला लावलं, दोनदा, आणि औषध सांगितलं. ती नोकरी मला मिळाली नाही, पण तो दिवस मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

हे सगळं वाचून काका विनोदी होते असं वाटेल. ते कामाला उभे राहिले की तसे नसत. सुट्टीच्या दिवशी मी कधीकधी त्यांच्याबरोबर जायची, म्हणून बघितलंय. त्यांना 'झोपवणं' हा शब्द चालत नसे. मालकाला ते स्पष्ट सांगत की मी आता हिला मारणार आहे, हिला कळणार नाही, तुला कळेल, तेव्हा तुला थांबायचं की नाही ते तू ठरव. मग ते उजव्या खिशातून पेपरमिंट काढत. घोड्यांना पेपरमिंट प्राणाहून प्रिय. जनावर ते चघळत असताना काका त्याच्या कपाळावरून हात फिरवत मराठीत बोलत राहायचे. शहाणं माझं बाळ ते, किती दमलंय, झालं आता. पिस्तूल शेवटच्या क्षणी बाहेर यायचं आणि लगेच आत जायचं, इतकं की बाजूला उभ्या माणसाने ते नीट पाहिलेलंही नसे. एकदा एका शेतकऱ्याने विचारलं, की तुम्ही घोड्यासाठी कुठली प्रार्थना म्हणता. काका म्हणाले, "प्रार्थना नाही. माझी आई मला ताप आला की असं बोलायची."

अशा दिवशी ते घरी येऊन आधी आंघोळ करत, मग पिठलं-भात खात आणि लवकर झोपत. कुणी काही विचारत नसे.

मी पुढे कॉव्हेंट्रीला कन्सल्टंट झाले, तिथेच लग्न झालं, पण महिन्यातला एखादा रविवार काका-काकूंकडे जायचा तो जायचाच. शहाण्णव सालच्या मार्चमध्ये स्कॉटलंडमधल्या एका शाळेत एका माणसाने पिस्तुलांनी लहान मुलांना मारलं.  मग कायदा आला, की लोकांनी आपली पिस्तुलं पोलीस स्टेशनात जमा करायची. जनावरांच्या डॉक्टरांना त्यातून सूट होती. काकांनी ती घ्यायची नाही असं ठरवलं.

त्या रविवारी मी गेले तेव्हा पिस्तूल जेवणाच्या टेबलावर होतं. इतक्या वर्षांत मी ते टेबलावर कधी पाहिलं नव्हतं. रिकामं, फडक्यावर ठेवलेलं. काका त्याच्याकडे न बघता बोलत होते. गेल्या आठवड्यात एका तबेल्यात त्यांनी ते बाहेर काढलं तेव्हा मालकिणीने आपल्या लहान मुलीला झटकन मागे ओढलं होतं. घोड्यापासून नाही, काकांपासून. तिचं काही चुकलं नव्हतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. पोलीस स्टेशनातल्या आपल्या जुन्या अधिकाऱ्यांनी फोनवर समजावलं होतं की तुमची गोष्ट वेगळी आहे. काकांचं म्हणणं, वेगळी आहे हे मला माहीत आहे, त्या मुलीला कसं माहीत असणार. उद्या सकाळी नेऊन देतो. इंजेक्शनं आहेत, त्यावर भागवू.

मला वाटलं, काकू सुटकेचा निःश्वास टाकतील. त्यांनी भाजी चिरायची थांबवली, हात पुसले आणि समोर येऊन बसल्या.

"ही वस्तू घरात आली तेव्हापासून मला नको आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत आहे ते. पण रस्त्यावर पाय मोडून पडलेला घोडा, तडफडतोय, शीर सापडत नाहीये, तेव्हा तुम्ही काय करणार? दुसऱ्या कुणाला फोन लावणार?"

काका म्हणाले, "लावीन."

"त्याचा हात तुमच्यासारखा असेल?"

काकांनी फडक्याचं टोक सरळ केलं.

"तुम्हाला हे काम आवडत नाही म्हणूनच ते तुमच्याकडे असलेलं बरं," काकू म्हणाल्या. "ज्याला आवडेल त्याच्या हातात जायला नको."

मग त्या उठून परत भाजीकडे गेल्या. त्या घरात एवढं मोठं भाषण त्यांनी माझ्यासमोर कधी केलं नव्हतं.  शेवटी काकांनी फडकं घडी केलं आणि पिस्तूल कपाटात ठेवलं. त्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पण आता ते हातात घेण्याआधी ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ घ्यायला लागले. त्यांचे भागीदार त्यावरून कुरकुरायचे. काका म्हणायचे, घाई जनावराला कधीच नसते, ती आपल्याला असते.

पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. ट्रेंटला पूर येऊन ओसरला होता. रविवारची दुपार, आम्ही जेवून नुकते उठलो होतो, आणि फोन आला. नदीकाठच्या एका शेतावर एक शायर जातीची घोडी चरात अडकली होती. शायर म्हणजे नांगराचे ते प्रचंड घोडे, खुरांवर पांढरे झुपके असलेले. काकांचे डोळे त्या वर्षी जरा अधू झाले होते, म्हणून गाडी मी चालवली. बूट बदलायचं ते विसरले. समारंभांसाठी ठेवलेले चांगले काळे बूट घालूनच निघाले.

शेत एका म्हाताऱ्या विधवा बाईंचं होतं. पुराने चराचा काठ पोखरला होता, आणि सकाळी घोडी काठावर आली तशी माती तिच्यासकट आत गेली. पोटापर्यंत पाणी, त्याखाली चिखल. फायर ब्रिगेडची माणसं सकाळपासून झटत होती. पट्टे लावून ट्रॅक्टरने ओढून झालं होतं. जरा वर यायची आणि चिखल तिला परत खाली खेचायचा. आता तिने धडपडणंही सोडलं होतं. मान काठावर टाकून डोळे अर्धे मिटून होती. बंबाच्या प्रमुखाने काकांना बाजूला घेऊन सांगितलं की माझी माणसं गारठली आहेत, दुसरीकडे बोलावणं आलंय, तिला आणखी त्रास नको. म्हाताऱ्या बाई अंगणातली एक खुर्ची आणून काठाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की ती माझ्या नवऱ्याची होती, करायचं ते करा, पण तिला वाट बघायला लावू नका.

काका चरात उतरले. कोट काढायची सोय नव्हतीच. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी घोडीचा ओठ उलटून हिरड्या पाहिल्या, कान हातात धरून पाहिले. मला हाक मारली, "ये ग. नाडी बघ हिची." घोड्याची नाडी जबड्याखाली लागते. मी काठावर पालथी पडून बोटं लावली. मंद होती, पण चांगली भरीव होती. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग खणाच्या खिशातून पिस्तूल काढलं, लाल दोऱ्याच्या डबीतून काडतूस काढून भरलं, आणि दुसरा हात तिच्या कपाळावर ठेवून बोलायला लागले. शहाणं माझं बाळ ते. किती दमलंय. बंबवाले मागे सरले. बाईंनी डोळे मिटून घेतले.

घोडीने मान उचलली. हळूच, अगदी कष्टाने. आणि नाक काकांच्या उजव्या खिशात खुपसलं.

खिसा पाण्याखाली गेला होता. आतल्या पेपरमिंटचा लगदा झाला होता. तिने कापडासकट तो चोखायला सुरुवात केली. काका तसेच उभे. मग त्यांनी पिस्तूल उघडलं, काडतूस काढून डबीत टाकलं आणि बंबाच्या प्रमुखाला म्हणाले, "हिचं अजून झालेलं नाही. मला आणखी एक प्रयत्न द्या. माझं चुकलं तर मी स्वतः करीन, आणि तुम्ही खुशाल सगळ्यांना सांगा की ह्या माणसाचं चुकलं."

प्रमुखाने घड्याळाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि आपल्या माणसांना परत खाली पाठवलं.

काकांचं म्हणणं, ओढू नका. ती जड आहे म्हणून अडकलेली नाही, चिखल तिचे पाय चोखून धरतोय. पंपाचं पाणी नळीने तिच्या एकेका पायालगत खाली सोडा, चिखल सुटा होऊ दे, मगच ट्रॅक्टर हलवा. तसं केलं. तिचं नाक पाण्यावर राहावं म्हणून मी तिचं डोकं मांडीवर घेऊन काठावर बसले होते. एवढं मोठं डोकं मी आयुष्यात मांडीवर घेतलेलं नाही. पहिला पाय सुटला तेव्हा कळलंही नाही. मागचे सुटताना असा आवाज झाला की सगळे दचकले, आणि ती सरकत, चिखलाचा लोंढा घेऊन गवतावर आली.

आली, पण उठेना. कुशीवर पडून थरथरत होती. बंबवाल्यांनी पेंढ्याने तिचं अंग चोळलं. म्हाताऱ्या बाई आत जाऊन स्वतःच्या बिछान्यावरची पिसांची रजई घेऊन आल्या आणि तिच्यावर घातली. काका तिच्या पाठीला पाठ लावून ओल्या गवतात बसले आणि मराठीत बोलत राहिले. या वेळी निराळं बोलत होते. तिला रागवत होते. एवढं करून घेतलंस आणि आता झोपा काढतेस होय, ऊठ, लोकांना चहा प्यायचाय. बंबवाल्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण कुणीही निघायचं नाव काढत नव्हतं.

अंधारून यायला लागलं होतं तेव्हा तिने पुढचे पाय रोवले. एकदा कोसळली. दुसऱ्यांदा उभी राहिली. चारी पाय लटपटत होते, पण उभी होती. आणि मग तिने अंग झटकलं. तेवढ्या मोठ्या जनावराने झटकलं तसा अर्धा चर आमच्या अंगावर आला. बंबाच्या प्रमुखाचा चेहरा दिसेनासा झाला. तो चिखलातून हसत होता एवढं कळत होतं.

म्हाताऱ्या बाईंनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला. बोलायचं खूप असावं, पण त्या नॉटिंगहॅमशायरच्या होत्या. म्हणाल्या, "तुमचा टाय खराब झाला, डक."

परत येताना काका गाडीत झोपले. मी त्यांच्या सीटखाली वर्तमानपत्र घातलं होतं, तरी गाडीत कितीतरी दिवस चराचा वास येत होता. घरी पोचलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत चिखल झालेला नवरा, रडून डोळे लाल झालेली मी, एवढं बघून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. फक्त आत जायला वाट देत हलकेच म्हणाल्या, "झालं?"

"नाही झालं," काका म्हणाले. "उभी आहे. पेंढा खातेय."

आणि ते भिजलेले बूट काढायला पायरीवर बसले. बोटं गारठली होती, नाडी सुटेना. काकूंनी चांगलं लुगडं नेसलं होतं. त्या तशाच त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या आणि दुसऱ्या पायाचा बूट आपल्या मांडीवर घेऊन त्याची गाठ सोडायला लागल्या.